रद्दीचा आकाशकंदील आणि चोवीस नळ्यांची भूमिती

दसरा झाला की सोसायटीच्या गच्चीवर मी मुलांना गोळा करते. चौथी ते सातवीतली दहा-बारा मुलं, घराघरांतून आलेली महिन्याभराची रद्दी, पातेलंभर कणकेची खळ, जाड दोऱ्याचं रीळ, चार-पाच विणायच्या सुया आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. दोन रविवारांत प्रत्येक गटाने एक आकाशकंदील करायचा. विकत काही आणायचं नाही, एवढी एकच अट असते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून दुकानातून चकचकीत कागद, ग्लिटर आणि गोंदाच्या बाटल्या आणल्या आणि आई-बाबांनी रात्री जागून प्रकल्प पूर्ण केला, तर त्यात टाकाऊही काही उरत नाही आणि मुलांच्या हाताला तर काहीच लागत नाही.

हा लेख कंदिलाच्या कृतीचा आहेच, पण मला खरं सांगायचंय ते त्यातल्या भूमितीबद्दल. आपल्याकडची मुलं ‘घनाला ८ शिरोबिंदू, १२ कडा, ६ पृष्ठे’ हे धडाधड म्हणतात. मात्र हातात खोकं देऊन ‘मोज’ म्हटलं की बारा कडा मोजताना तीच कड दोनदा मोजली जाते. यात मुलांचा दोष नाही. त्यांनी घन पाहिलेला असतो तो पुस्तकाच्या सपाट पानावर, मागच्या कडा तुटक रेषांनी दाखवलेला. एखादी आकृती डुगडुगते, कलते, मिटते हे पानावर कधीच दिसत नाही. आणि माझ्या मते भूमितीची सुरुवात तिथूनच होते, वस्तू हातात डुगडुगायला लागते तेव्हा.

आधी नळ्या. वर्तमानपत्राचं अर्धं पान घ्यायचं, सुई एका कोपऱ्यावर तिरकी ठेवायची आणि घट्ट गुंडाळत जायचं. शेवटचा कोपरा खळीने चिकटवायचा, सुई ओढून काढायची. सुकल्यावर दोन्ही लिबलिबीत टोकं कापून बरोबर २० सेंटिमीटरची नळी करायची. अशा चोवीस. पहिल्या वर्षी मी घाईत सगळ्या नळ्या घरूनच कापून नेल्या होत्या आणि ती चूक होती. मुलांनी स्वतः मोजून कापल्या की एखादी दीड सेंटिमीटर आखूड होतेच, तिच्यामुळे कंदील एका अंगाला ओढला जातो, आणि मग सगळा गट फूटपट्टी घेऊन गुन्हेगार नळी शोधत बसतो. ‘सर्व बाजू समान’ या तीन शब्दांना किती वजन आहे, ते त्या अर्ध्या तासात कळतं.

आता खराट्याच्या हिराला दोरा बांधून तो तीन नळ्यांतून ओवायचा आणि गाठ मारायची. त्रिकोण झाला. चार नळ्या ओवल्या की चौकोन. इथे मी कुठलीही सूचना न देता फक्त म्हणते, ‘दोन्हींना दाबून बघा.’ त्रिकोण हलत नाही. जोर लावला तर नळी वाकेल, पण कोन बदलणार नाही. चौकोन मात्र बोट लावताच कलतो, शंकरपाळी होतो, आणखी दाबला की साफ मिटतो. एक चिमुरडी म्हणाली होती, ‘चौकोन झोपला!’ दोन्हीकडे नळ्या त्याच, दोरा तोच. मग फरक कशाचा?

तीन लांब्या ठरल्या की त्यांच्यापासून एकच त्रिकोण होतो. मोठ्या वर्गातली मुलं हे ‘बाबाबा कसोटी’ म्हणून शिकतात: तिन्ही बाजू जुळल्या की त्रिकोण एकरूप. कोन वेगळे सांगावे लागत नाहीत, बाजूंनीच ते ठरवून टाकलेले असतात. चार बाजूंचं तसं नाही. त्याच चार बाजूंनी हवे तितके चौकोन होतात, बारीक शंकरपाळीपासून चांगल्या चौरसापर्यंत. चौकोन काढायचा तर पाच मापं लागतात, असं आठवीत शिकवतात. चार बाजू आणि एक कर्ण दिला की चौकोन पक्का होतो, कारण कर्णाने त्याचे दोन त्रिकोण होतात. गच्चीवर हे पाचवीच्या मुलांना सांगावं लागत नाही. झोपलेला चौकोन उभा ठेवायला त्यांना काय हवं असं विचारलं की दोनातला एक तरी गट मधे तिरकी नळी घालतोच. विजेच्या मनोऱ्यांमध्ये, रेल्वेच्या लोखंडी पुलांमध्ये तिरक्या पट्ट्या का असतात, हे त्यानंतर त्यांना रस्त्याने जाताना आपोआप दिसू लागतं.

काड्या जोडून आकार करण्याची ही पद्धत जुनी आहे. जर्मनीत शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बालवाडी सुरू केली, तिथल्या मुलांना ते काड्या आणि भिजवलेले वाटाणे देत. (अगदी लहान मुलांसाठी मी अजूनही वाटाणेच वापरते. सुकले की ते काडी घट्ट धरतात.) आपल्याकडे टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एकत्र आणली. ट्यूबचा छोटा तुकडा म्हणजे सांधा. बाभळीच्या काट्याने त्याला भोक पाडलं की तिसरी काडी बसते, दोन तुकडे एकमेकांत ओवले की चार काड्यांचा सांधा होतो. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कंदिलाऐवजी हातात मावणारा आकार करायचा असेल तर व्हॉल्व्ह ट्यूबसारखी दुसरी वस्तू नाही.

तर कंदील. बांबूच्या कामट्यांचा आपला पारंपरिक कंदील अनेक तऱ्हांनी बांधतात. त्यातली एक साधी तऱ्हा म्हणजे सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधायचे. मी मुलांना तोच कंदील उलट्या बाजूने करायला देते. चोवीस नळ्यांचे आठ त्रिकोण करायचे. चार त्रिकोण घेऊन त्यांचे तळ चौकोनात मांडायचे आणि कोपरे एकमेकांना बांधायचे. चार टोकं मोकळी राहतात, मुकुटासारखी. उरलेल्या चार त्रिकोणांचा दुसरा मुकुट. मग एक मुकुट उलटा करून दुसऱ्यावर टोकाला टोक लावून बांधायचा. बस्स, एवढंच. चार गाठी वर, चार खाली, चार कमरेला.

बांधून झालं की मी विचारते, ‘आपण चौकोन किती केले?’ ‘एकही नाही.’ आणि तरी समोर चौकोन दिसत असतात. एक वर, एक खाली आणि कमरेभोवती चार, टोकावर उभे. हे चार पाहून दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, ‘ह्या तर शंकरपाळ्या!’

या शंकरपाळीवर मी मुद्दाम वेळ घालवते. चौरस सरळ ठेवला की तो चौरस, टोकावर उभा केला की ती शंकरपाळी किंवा पत्त्यांतली चौकट, असं मुलांना मनापासून वाटतं. डिना आणि पिएर व्हॅन हिले या डच शिक्षक जोडप्याने १९५७ मध्ये मांडलं की मुलांची भूमितीची समज पायऱ्यापायऱ्यांनी चढते. पहिल्या पायरीवर मूल आकार चेहऱ्यासारखा ओळखतं: दाराचा आकार, पोळपाटाचा आकार. दुसऱ्या पायरीवर त्याला गुण दिसू लागतात, चारही बाजू सारख्या, चारही काटकोन. त्यानंतर गुणांचे आपसातले संबंध. आपलं पाठ्यपुस्तक बहुतेक वेळा वरच्या पायरीवरून बोलतं आणि मूल खालच्या पायरीवर उभं असतं. दोघांचं म्हणणं एकमेकांना ऐकू जात नाही, आणि मुलाला ‘गणित जमत नाही’ असा शिक्का बसतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पायरी चढायला वय पुरत नाही, अनुभव लागतो.

म्हणून व्याख्या न सांगता मी हातात लग्नपत्रिका देते. पत्रिकेचा कोपरा म्हणजे काटकोन. तो शंकरपाळीच्या कोपऱ्यात बसवून बघा. बसला तर? कंदील आडवा करा, आता ती काय दिसते? चौकोनात नळ्या तशाच असतात, फक्त कंदील फिरला. मागच्या वर्षी एक मुलगा मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे आपल्याला काय वाटतं त्याने त्याला फरकच पडत नाही.’ त्याच्याजवळ शब्द नव्हता, पण तो दुसऱ्या पायरीवर येऊन पोचला होता.

यानंतर मोजणी. त्रिकोण आठ, प्रत्येकाला तीन नळ्या: चोवीस. चौकोन सहा, प्रत्येकाला चार: पुन्हा चोवीस. नळ्या अठ्ठेचाळीस होत नाहीत, कारण प्रत्येक नळीच्या एका अंगाला त्रिकोण आहे आणि दुसऱ्या अंगाला चौकोन. आता एका नळीवर बोट ठेवा, सरळ पुढच्या नळीवर जा, तिथून पुढच्या. सहा नळ्यांनी बोट जागेवर परत येतं. हा षट्कोन! असे चार षट्कोन कंदिलात एकमेकांना छेदत लपलेले असतात, आणि चार सक्क चोवीस. पाढ्यातल्या एकाच संख्येला तीन वेगवेगळे आकार मिळालेले पाहून मुलांचे डोळे जसे चमकतात, तसे मी दुसऱ्या कुठल्या उदाहरणाला पाहिलेले नाहीत.

कोपरे मोजायचे तर प्रत्येक कोपऱ्यात चार नळ्या येतात. नळ्यांची टोकं अठ्ठेचाळीस, भागिले चार, म्हणजे बारा कोपरे. पृष्ठे सहा आणि आठ मिळून चौदा. बारा आणि चौदा सव्वीस, कडांपेक्षा दोनने जास्त. घनाचं करून बघा: आठ आणि सहा चौदा, कडा बारा, पुन्हा दोनचाच फरक. बिस्किटाच्या पुड्याला, पिरॅमिडला, कुठेही आत न खचलेल्या, सपाट पृष्ठांच्या कुठल्याही घनाकृतीला हेच लागू पडतं. गणितज्ञ ऑयलरने १७५० मध्ये गोल्डबाख या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात ही गोष्ट सांगितली. पुस्तकात ती सूत्र म्हणून येते, पण मुलांनी आधी चार-पाच वस्तूंवर पडताळलेली असेल तर ते सूत्र त्यांना ओळखीचं वाटतं.

आठ त्रिकोण आणि सहा चौकोनच का? याला मी एक बटाटा कापते. बटाट्याचा घन करायचा, प्रत्येक कडेच्या मध्यावर खूण करायची आणि खुणांमधून आठही कोपरे उडवायचे. कोपऱ्यांच्या जागी आठ त्रिकोण येतात, सहा बाजूंचे सहा टोकावरचे चौरस उरतात. आपला कंदील म्हणजे कोपरे कापलेला घन. (बटाट्याची नंतर भाजी होते.) या आकाराला क्युबोक्टाहेड्रॉन म्हणतात. हे नाव खगोलशास्त्रज्ञ केप्लरने दिलं, १६१९ च्या आपल्या ग्रंथात, जिथे त्याने या कुळातले तेरा आकार मांडले. ते आकार आर्किमिडीजला माहीत होते, पण त्याचं मूळ लिखाण हरवलं. पॅपस या नंतरच्या ग्रीक गणितज्ञाने नोंद केली म्हणून आपल्याला ते कळलं.

आता येतो माझा आवडता भाग. नुसता सांगाडा, कागद न लावलेला, जमिनीवर ठेवला की कंदील नीट उभाच राहत नाही. लोळतो, पिळवटतो. मुलं हिरमुसतात, गाठी पुन्हा आवळतात, उपयोग होत नाही. दोष गाठींचा नाही. तो कशाचा आहे याचा हिशेब जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये मांडला, आणि तो सहावीच्या मुलालाही समजतो.

प्रत्येक कोपऱ्याला हलायला तीन वाटा असतात: वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे. बारा कोपऱ्यांच्या मिळून छत्तीस. यातल्या सहा हालचाली आपल्याला चालतात, कारण अख्खा कंदील उचलून तीन दिशांना नेता येतो आणि तीन प्रकारे फिरवता येतो, त्याने त्याचा आकार बिघडत नाही. उरल्या तीस. त्या बंद करायला हव्यात, आणि एक नळी फार तर एक वाट बंद करते. आपल्याकडे नळ्या चोवीस. सहा कमी. आणि कंदिलात न बांधलेले, कर्ण नसलेले चौकोन किती? सहा! दर चौकोनामागे एक नळी कमी पडत होती, म्हणून तो झोपत होता. घनाचा हिशेब करा: आठ त्रिक चोवीस वजा सहा, अठरा हव्यात, आहेत बारा, पुन्हा सहाच कमी. चतुष्फलक म्हणजे नुसत्या चार त्रिकोणांचा आकार, त्याला चार कोपरे, सहा नळ्या हव्यात आणि सहाच आहेत. म्हणून तो पहिल्याच दिवसापासून ताठ.

मग पूर्वीच्या कामट्यांच्या कंदिलात कर्ण नसतानाही तो ताठ कसा राहायचा? कागदामुळे. चौरस कलायला लागला की त्याचा एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखडतो. ताणून चिकटवलेला कागद कुठलाही कर्ण लांबू देत नाही. बाजू २० सेंटिमीटरची असली की कर्ण सुमारे २८.३ सेंटिमीटर, कारण कर्ण म्हणजे बाजूच्या १.४१४ पट. कागद तेवढ्यावर अडून बसतो. आपल्याला वाटतं कागद शोभेसाठी असतो, पण तो कंदिलाला उभं धरतो. पहिला कागद लागला की सांगाडा थोडा सावरतो, दुसऱ्याला आणखी, आणि हातात धरलेल्या मुलाला प्रत्येक कागदागणिक तो ताठ होताना जाणवतो. वरचा चौकोन दिव्यासाठी मोकळा ठेवतो, तिथे दोन कर्णांवर दोरे ताणायचे. दोरा फक्त ओढून धरू शकतो, ढकलू शकत नाही, म्हणून नळी एक पुरली असती तिथे दोरे दोन लागतात.

कागद मिठाईच्या खोक्यांवरचे, भेटवस्तूंचे, जुन्या रंगीत मासिकांचे. चिकटवण्याआधी मी विचारते, त्रिकोणाला चौकोनाच्या निम्मा कागद लागेल का? बहुतेक जण हो म्हणतात. चौकोन ४०० चौरस सेंटिमीटर, त्रिकोण मात्र १७३ च्या आसपास भरतो, कारण त्याची उंची २० नसून १७.३ आहे. आत दिवा एलईडीचाच लावायचा. कागदाच्या कंदिलात तापणारा बल्ब नको, आणि पणती तर मुळीच नको.

दिवा बरोबर मध्यभागी टांगला की तो बाराही कोपऱ्यांपासून २० सेंटिमीटरवर येतो, म्हणजे बरोबर एका नळीइतका लांब. असं प्रत्येक आकारात होत नाही, घनात तर नाहीच. फराळाच्या ताटात हे दाखवता येतं. एक लाडू मधे, त्याला टेकून भोवती सहा, वर तीन आणि खाली तीन, वरचे ज्या खळग्यांत बसले ते सोडून खालचे दुसऱ्या खळग्यांत. मधल्या लाडवाला टेकलेले बारा लाडू म्हणजे आपल्या कंदिलाचे बारा कोपरे. तेरावा लाडू टेकवता येईल का, यावर न्यूटन आणि गणितज्ञ डेव्हिड ग्रेगरी यांच्यात १६९४ मध्ये चर्चा झाली होती. न्यूटन म्हणाला बाराच. तो बरोबर होता, पण त्याची पक्की सिद्धता व्हायला १९५३ साल उजाडलं.

तुळशीचं लग्न लागलं की कंदील उतरतो. तो फेकायचा नाही. कागद ओले करून सोडवायचे आणि सांगाडा पुन्हा मोकळा करायचा. तो एका त्रिकोणावर ठेवा, वरचा त्रिकोण दोन्ही हातांनी धरा आणि न फिरवता सावकाश खाली दाबा. सांगाडा कोसळत नाही. सगळे कोपरे मिळून पिळवटत आत येतात, चौकोन अरुंद होत जातात, आणि शेवटी नळीवर नळी येऊन चोवीस नळ्यांचा बारा जोड कडांचा अष्टफलक, म्हणजे आठ त्रिकोणांचा आकार, होऊ पाहतो. जाड गाठींमुळे तो अगदी पूर्ण मिटत नाही, पण कुठे चाललाय ते स्पष्ट दिसतं. या हालचालीला बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन संशोधकाने ‘जिटरबग’ नाव दिलं, तेव्हाच्या एका नाचाचं. घुमटांच्या रचनेसाठी प्रसिद्ध झालेला हाच तो फुलर. त्याने स्वतः सांगितलेली आठवण अशी की १८९९ मध्ये बालवाडीत काड्या-वाटाणे हातात आले तेव्हा त्याची दृष्टी इतकी अधू होती की इतर मुलांसारखी चौकोनी घरं त्याला धड दिसतच नव्हती. त्याने हातांनी चाचपून जे टिकतं ते केलं, आणि ते त्रिकोणांचं निघालं.

दाबताना वाटेत एक जागा अशी येते की प्रत्येक चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर बरोबर एका नळीइतकं होतं. तिथे थांबायचं आणि त्या सहा जागी २० सेंटिमीटरच्या सहा नव्या नळ्या बांधायच्या. प्रत्येक कोपऱ्यात एकच नवं टोक येतं. सहा नळ्या, बारा टोकं, बारा कोपरे. मॅक्सवेलच्या हिशेबात कमी पडलेल्या त्याच या सहा. नळ्या झाल्या तीस, चौकोन एकही उरला नाही, सगळे मिळून वीस त्रिकोण झाले. हा विंशतिफलक.

गेल्या नोव्हेंबरात ‘चौकोन झोपला’ म्हणणाऱ्या त्याच मुलीने शेवटची गाठ मारली. तिने तो दोन्ही हातांत धरून दाबला, उलटा करून दाबला, मग जमिनीवर ठेवून वरून हलकेच बसून पाहिलं. मग उठली आणि मोजायला लागली.